पडदा कुणी लावायचा? फिरायची वाट आणि शेजारचं घर

इयत्ता सातवी, नागरिकशास्त्र. घटक : मूलभूत हक्क. लागणारा वेळ : दोन तासिका आणि एक संध्याकाळ.



मूलभूत हक्कांचा पाठ मी गेली बरीच वर्षं शिकवते आहे. मुलं हक्कांची नावं पाठ करतात, पेपरात लिहितात, गुण मिळवतात. पण दोन हक्क एकमेकांसमोर उभे राहिले तर काय करायचं, हे मी वर्गात कधी फारसं विचारलं नव्हतं. या वर्षी विचारलं. विचारताना माझ्याकडून एक चूक झाली, तीही इथे लिहिते, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही.

आमच्या गावाच्या तळ्याभोवती दोन वर्षांपूर्वी फिरायला वाट केली. पेव्हर ब्लॉक, कठडा, दिव्यांचे खांब, बसायला बाक. सगळे तिला 'ट्रॅक' म्हणतात. त्याआधी तिथे बाभळी होत्या आणि गावाचा कचरा. आता पहाटे पाचला माणसं सुरू होतात ती रात्री दहापर्यंत. माझे स्वतःचे गुडघे त्या ट्रॅकनं बरे केलेत, त्यामुळे मी मनानं ट्रॅकच्या बाजूची आहे, हे आधीच कबूल करते.

तळ्याच्या पूर्व काठाला बैठ्या घरांची एक ओळ आहे. घरांची तोंडं गल्लीकडे, पाठी तळ्याकडे. मागच्या दाराशी मोरी, धुण्याचा दगड, कपड्यांची दोरी. ट्रॅक तळ्याच्या बांधावरून जातो, म्हणजे घरांपेक्षा पुरुषभर उंचावरून. या घरांच्या मागच्या भिंती पूर्वी पुरेशा होत्या, कारण बांधावर कुणी जातच नव्हतं. आता चालणाऱ्या माणसाला भिंतीवरून आत दिसतं. कुणी मुद्दाम बघायला नको, दिसतंच.

फळ्यावर मी दोन वाक्यं लिहिली. 'मला मोकळेपणानं फिरता आलं पाहिजे.' 'मला माझ्या घरात निवांत राहता आलं पाहिजे.' आणि विचारलं, ट्रॅकवर या दोघांचं भांडण झालं तर?

उत्तर यायला पाच सेकंदसुद्धा लागले नाहीत. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, त्यांनी पडदा लावायचा!" मग सगळा वर्गच ओरडायला लागला. खिडकी बंद ठेवायची. भिंत वाढवायची. एकानं तर घर विकून टाकायचाही सल्ला दिला. माझ्या वर्गात एक मुलगी त्या ओळीतल्याच घरात राहते. ती गप्प होती. मी सहज, अगदी उत्साहानं म्हटलं, "अगं, तू सांग ना, तुमच्या घरी काय होतं?"

पन्नास डोळे तिच्याकडे वळले. ती खाली बघत म्हणाली, "काही नाही होत बाई."

मधल्या सुट्टीत ती शिक्षकखोलीच्या दाराशी आली. म्हणाली, आई आता अंधार पडल्याशिवाय कपडे धुवायला बसत नाही. मोरीच्या खिडकीला गोणपाट लावलंय, त्यामुळे आत दिवसाही दिवा लागतो. आणि समोरच बाक आहे, त्यावर लोक आमच्याकडे तोंड करून बसतात. एवढं सांगून ती गेली. मी तिला जे भर वर्गात केलं होतं, ते त्या बाकापेक्षा वेगळं नव्हतं. हे सगळं तिला आणि तिच्या आईला विचारूनच लिहिते आहे, काही तपशील बदलले आहेत. तुम्ही हा पाठ घ्याल तेव्हा वर्गातल्या मुलाचं घर उदाहरणाला घेऊ नका. दूरची उदाहरणं घ्या. दूरची उदाहरणं खूप चांगली आहेत, आणि तीच आता सांगते.

लंडनची गच्ची

'पडदा लावा' हे माझ्या मुलांचं उत्तर लंडनमधल्या एका न्यायाधीशांनीही दिलं होतं. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा मागचा बाक भलताच खूश झाला.

थेम्स नदीच्या दक्षिण काठावर टेट मॉडर्न हे मोठं कलासंग्रहालय आहे. २०१६ साली त्यांच्या नव्या इमारतीच्या दहाव्या मजल्यावर चारी बाजूंनी फिरता येईल असा सज्जा लोकांसाठी उघडला. तिकीट नाही. वर जायचं, चक्कर मारायची, लंडन बघायचं. वर्षाला लाखो माणसं येऊ लागली. सज्ज्याच्या दक्षिणेला सुमारे ३४ मीटरवर काचेच्या भिंतींची उंच निवासी इमारत आहे, निओ बँकसाइड. सज्ज्यावरून त्या घरांमधली जेवणाची टेबलं, पलंग, खेळणारी मुलं सरळ दिसत. लोक हात हलवत, फोटो काढत, ते इंटरनेटवर टाकत. काही जण दुर्बीण घेऊनही येत.

चार फ्लॅटचे मालक कोर्टात गेले. २०१९ साली उच्च न्यायालयानं त्यांचा दावा फेटाळला. न्यायाधीशांचं म्हणणं साधारण असं : काचेचं घर तुम्हीच निवडलंत, त्याची ही किंमत आहे. आणि पडदे लावता येतात की. २०२० मध्ये अपील न्यायालयानंही दावा फेटाळला, पण वेगळ्या कारणानं. शेजारच्या जागेतून नुसतं दिसणं हा या कायद्याखाली उपद्रवच ठरत नाही, असं ते म्हणाले.

१ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं हे दोन्ही निकाल उलटवले. पाच न्यायाधीश होते, तीन एका बाजूला, दोन दुसऱ्या. म्हणजे प्रश्न सोपा नव्हता. बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या लॉर्ड लेगॅट यांनी त्या घरांतल्या राहण्याला प्राणिसंग्रहालयात प्रदर्शनाला ठेवल्याची उपमा दिली.

निकालातल्या तीन गोष्टी मुलांपुढे मांडण्यासारख्या आहेत. शेजाऱ्याच्या खिडकीतून आपण दिसतो, एवढ्यावर तक्रार होत नाही. शहरात राहायचं तर एवढं सोसावंच लागतं. पण रोज शेकडो लोकांना बोलावून, उंचावर उभं करून, 'बघा' म्हणायचं, हा जागेचा नेहमीचा वापर नव्हे. दुसरी गोष्ट पडद्याची. त्रास जो देतो त्यानं तो थांबवायचा असतो, ज्याला होतो त्यानं स्वतःला कोंडून घ्यायचं नसतं. आणि तिसरी मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाची वाटली. संग्रहालय ही लोकांच्या हिताची गोष्ट आहे, हे न्यायालयानं नाकारलं नाही. पण लोकांचं हित आहे म्हणून शेजाऱ्याचा त्रास हा त्रासच नाही, असं म्हणता येत नाही. उपाय काय करायचा, सज्जा बंद की भरपाई, हे ठरवताना ते हित मोजता येईल.

ट्रॅक चांगला आहे, हे खरं आहे. गोणपाटही खरं आहे. मुलांना एक खरं असलं की दुसरं खोटं असलं पाहिजे असं वाटतं. मोठ्यांनाही वाटतं म्हणा.

स्कॉटलंडची वाट

पण लंडनची ती घरं श्रीमंतांची, आणि सज्जा म्हणजे काही फिरायची वाट नव्हे. वाटेचं खरं उदाहरण हवं असेल तर स्कॉटलंडमध्ये जायला हवं.

स्कॉटलंडमध्ये २००३ साली जमीन सुधारणा कायदा झाला आणि त्यातला वाटांचा भाग २००५ पासून लागू झाला. त्यानं प्रत्येक माणसाला जवळजवळ सगळ्या जमिनीवरून आणि पाण्यावरून जाण्याचा हक्क दिला. जमीन कुणाची हा प्रश्नच नाही. डोंगर, रान, मोठ्या इस्टेटी, कुठेही चाला, सायकल चालवा, घोड्यावरून जा, तंबू टाका. अट एक, जबाबदारीनं. मोटारगाडी आणायची नाही, शिकार-मासेमारी नाही, उभ्या पिकातून जायचं नाही.

आपल्याकडे बांधावरून जाण्यावरून तहसीलदारांपुढे किती दावे चालतात ते आठवा, म्हणजे हा कायदा किती धीट आहे ते कळेल. तरी या कायद्यानं एका ठिकाणी पाऊल अडवलं. घराभोवतीची 'पुरेशी' जमीन या हक्कातून वगळली. पुरेशी म्हणजे किती? घरात राहणाऱ्यांना वाजवी प्रमाणात खासगीपणा मिळेल आणि त्यांच्या राहण्यात अवाजवी व्यत्यय येणार नाही, इतकी.

वर्गात इथे हात वर आले. "पण बाई, किती मीटर?"

किती मीटर, ते कायद्यात लिहिलेलंच नाही. मुलांना हे अजिबात आवडलं नाही. कायदा म्हणजे आकडा, असं त्यांना वाटत होतं. घर कुठे आहे आणि कसं आहे ते पाहून ठरवायचं, एवढंच कायदा सांगतो. मग भांडण झालं की शेरीफकडे जायचं. (स्कॉटलंडमधला शेरीफ म्हणजे न्यायाधीश. सिनेमातला चांदणी लावलेला घोडेस्वार नव्हे, आणि मुंबईचे मानाचे शेरीफ म्हणजे नगरपाल, तेही नव्हेत.)

दोन निकाल फळ्यावर शेजारी शेजारी मांडावेत. पर्थ शहराजवळ किनफॉन्स नावाचा किल्ल्यासारखा वाडा आहे. स्टेजकोच या बस कंपनीच्या सहसंस्थापक अ‍ॅन ग्लोग यांनी तो घेतला. सुमारे २३ एकरांच्या जागेपैकी सुमारे ११ एकरांभोवती त्यांनी उंच कुंपण घातलं. स्थानिक कौन्सिल आणि पदयात्रींची संघटना म्हणाली, एवढं मोठं कुंपण नको, लोकांचा हक्क जातो. २००७ साली पर्थच्या शेरीफनी मालकिणीच्या बाजूनं निकाल दिला. कसोटी अशी लावली की, या विशिष्ट बाईंना किती हवंय ते बघायचं नाही, अशा प्रकारच्या घरात राहणाऱ्या कुणाही समंजस माणसाला किती लागेल ते बघायचं. अशा वाड्याला ११ एकर जास्त नाहीत, असं त्यांना वाटलं.

पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, स्टर्लिंगजवळच्या बोक्वान इस्टेटीचं प्रकरण आलं. जागा सुमारे ७० एकर. मालकांना बराच मोठा भाग बंद हवा होता. तिथल्या शेरीफनी तशीच कसोटी लावली आणि घराभोवतीची सुमारे साडेबारा एकर जमीन पुरे म्हटलं. बाकीची लोकांना खुली.

म्हणजे कसोटी सारखीच, पण एका वाड्याला त्याची निम्मी जागा मिळाली, दुसऱ्याला पाचवा हिस्साही नाही. आकडा नसलेला कायदा असा चालतो. 'वाजवी' हा शब्द मुलं रिक्षाच्या भाड्यापुरता वापरतात. 'वाजवी भाडं घ्या काका.' तो शब्द न्यायालयातही असाच बसलेला असतो, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी माणसानं डोकं चालवून त्याचा अर्थ लावावा लागतो, हे त्यांना पहिल्यांदा दिसलं.

आता ११ एकर म्हणजे ४४० गुंठे. आमच्या शाळेचं मैदान वीस गुंठ्यांचं. मुलं हसायला लागली. तेव्हा ती मुलगी, जी आदल्या तासाला बोलली नव्हती, हळूच म्हणाली, "म्हणजे मोठ्या घराला मोठा खासगीपणा?"

मी याचं उत्तर वर्गात दिलं नाही, कारण माझ्याकडे तेव्हा नव्हतं. घरी जाऊन विचार केला. स्कॉटिश कायद्यात लबाडी नाही. झोपडीवजा घराला परसबाग पुरते आणि वाड्याला बाग, हे अगदी चुकीचं नाही. पण 'घर कसं आहे ते पाहून' याचा अर्थ 'घर केवढं आहे ते पाहून' असा झाला, तर हिशेब उलटा होतो असं माझं मत आहे. वाड्यातली न्हाणी वाड्याच्या पोटात असते. तिथपर्यंत नजर जायला कुंपण, हिरवळ, भिंत, दालन असे चार टप्पे ओलांडावे लागतात. अर्ध्या गुंठ्याच्या घरात मोरीच हद्दीवर असते. आत सरकायला जागाच नाही. मग काळजी कुणाची जास्त घ्यायला हवी? एकर जास्त द्या असं मी म्हणत नाही, द्यायला आहेतच कुठे? पण वाट आखताना आधी लहान घराकडे बघायला हवं.

चालणं आणि थांबणं

अंतर देता येत नसेल तर दुसरं काय देता येईल? याचं उत्तर मला नॉर्वेच्या कायद्यात सापडलं.

नॉर्वेत १९५७ पासून मोकळ्या हवेत फिरण्याचा कायदा आहे. तिथे न कसलेल्या रानातून वर्षभर कुणीही पायी जाऊ शकतं. शेतातून मात्र जमीन गोठली असेल किंवा बर्फ असेल तेव्हाच, आणि ३० एप्रिल ते १४ ऑक्टोबर या काळात अजिबात नाही. आपल्याकडेही पीक निघाल्यावर रानातून पायवाट पडते आणि पेरणी झाली की ती मोडते, तसंच हे. पण माझ्या कामाचं कलम तंबूचं होतं. राहत्या घरापासून १५० मीटरच्या आत तंबू टाकायचा नाही. चालत जा, हरकत नाही. मुक्काम मात्र लांब.

आकडा आहे, पण तो चालण्यासाठी नाही, थांबण्यासाठी आहे!

हे वाचलं आणि मला लंडनचा सज्जा पुन्हा आठवला. तिथेही तक्रार थांबून बघण्याचीच होती. आणि गोणपाटवाल्या खिडकीसमोरचा बाक आठवला. चालणाऱ्याची नजर घरावरून घसरते. त्याला पुढचा दगड बघायचा असतो, सोबतच्याशी बोलायचं असतं. बसलेल्याची नजर कुठेतरी टेकते, आणि समोर घर असेल तर घरावर टेकते. त्याच्या मनात काही वाईट नसतं. संध्याकाळी त्या बाकावर बसणारे आजोबा माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत, ते पेन्शनच्या गप्पा मारतात. पण मोरीत बसलेल्या बाईला त्यांच्या गप्पा ऐकू येत नाहीत, चेहरे दिसतात.

सिंगापूरमधलं एक छोटं उदाहरण मुलांना फार आवडलं. तिथल्या बुकित पांजांग भागात १९९९ पासून एक छोटी गाडी उंचावरच्या रुळावरून धावते, अगदी राहत्या इमारतींच्या जवळून. इमारत जवळ आली की गाडीच्या खिडक्यांच्या काचा आपोआप धुरकट होतात, इमारत मागे पडली की पुन्हा स्वच्छ. पडदा लावलाय, पण गाडीनं. मागचा बाक यावर बराच वेळ विचार करत होता.

आपल्याकडे

एवढं फिरून घरी आले तर आपल्याच कायद्यात एक जुनी गोष्ट सापडली. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा आहे, वकील ज्याला इझमेंट अ‍ॅक्ट म्हणतात. वाटेचा हक्क, पाण्याचा हक्क, उजेडाचा हक्क, असं त्यात येतं. तो १८९१ मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला. त्याच्या अठराव्या कलमाखाली रूढीनं मिळणाऱ्या हक्कांचा दाखला दिला आहे. एखाद्या गावात अशी रूढी असेल की शेजाऱ्याच्या खासगीपणावर आक्रमण होईल अशी नवी खिडकी पाडायची नाही, तर तिथल्या घरमालकाला तसा हक्क मिळतो. घराचे जे भाग एरवी बाहेरच्या नजरेला पडत नाहीत, त्यांच्यावर उघडणारी खिडकी शेजाऱ्यानं पाडायची नाही.

'एरवी नजरेला न पडणारे भाग.' जुन्या घरात राहिलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. ओटीवर कुणीही यावं, पडवीत ओळखीच्यानं बसावं, माजघरात घरच्यांनी. वाड्याचा चौक आत उघडा, रस्त्याकडे भिंत. घर बांधतानाच नजरेचा बंदोबस्त केलेला असायचा. आता घरं लहान झाली आणि परसदारासमोर ट्रॅक आला.

हा दाखला शेजाऱ्याच्या खिडकीबद्दल आहे आणि रूढी सिद्ध करावी लागते. तो ट्रॅकला जसाच्या तसा लागू होतो असं मी म्हणत नाही, मी वकील नाही. पण शेजाऱ्याच्या नजरेचा विचार आपल्या कायद्यानं लंडनच्या सज्ज्याच्या कितीतरी आधी केला होता, एवढं मुलांना कळलं तरी चालेल.

पुस्तकाशी जोडायचं तर असं जोडावं. संविधानाच्या १९व्या अनुच्छेदात देशभर मुक्तपणे संचार करण्याचं स्वातंत्र्य आहे. २१वा अनुच्छेद जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा. खासगीपणा हा शब्द तिथे लिहिलेला नाही. पण २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी न्या. पुट्टस्वामी यांच्या खटल्यात एकमतानं सांगितलं की, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो अमर्याद आहे असं मात्र म्हटलं नाही. मुलांना विचारा, संविधानात न लिहिलेला शब्द नऊ जणांना तिथे कसा सापडला? आमच्या वर्गात यावर एक तास गेला असता, मी आवरतं घेतलं.

ट्रॅकवरची संध्याकाळ

दुसऱ्या तासिकेनंतर पालकांची परवानगी घेऊन आम्ही ट्रॅकवर गेलो. दोन गट केले. एक चालणाऱ्यांचा, एक घरांच्या बाजूचा. ओळीच्या टोकाला एक आजी राहतात, त्यांना आधी विचारून ठेवलं होतं. त्यांच्या परसात पाच मुलं उभी राहिली, बाकीची वर ट्रॅकवर. मोजपट्टी, वही, पेन्सिल. कॅमेरा किंवा मोबाईल न्यायचा नाही, ही अट मी घातली आणि कारण त्यांनाच शोधायला सांगितलं.

वरून चालणाऱ्यांना परसातल्या मुलांचं डोकं आणि खांदे दिसत होते, क्षणभर. बाकावर बसल्यावर सगळं दिसत होतं, कारण बाक कठड्याला पाठ लावून घरांकडे तोंड करून बसवले आहेत. खालच्या गटाला एक गोष्ट कळली, जी मलाही माहीत नव्हती. दिवा लागल्यावर खांबावरचा झोत सरळ आजींच्या झोपायच्या खोलीत जातो. आजी म्हणाल्या, "माणसं परवडली बाई, ती रात्री घरी तरी जातात."

मग तिथेच बसून भांडण सुरू झालं, जे मला वर्गात हवं होतं. एक मुलगा म्हणाला, ट्रॅकच्या कडेनं उंच पत्रे ठोकायचे, विषय संपला. मी मान डोलावणार होते. तेवढ्यात दुसरी एक मुलगी म्हणाली, "मग संध्याकाळी साडेसातला तिथून एकटं कोण जाईल? एका बाजूला पाणी, एका बाजूला पत्रा." सगळे गप्प झाले. तिची आई रोज कामावरून त्याच ट्रॅकनं घरी येते. त्या खिडक्यांतला उजेड दिसतो म्हणून ती त्या वाटेनं येते.

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. घरांना नजरेचा त्रास होतो, आणि वाटेला घरांच्या नजरेचा आधार होतो. पत्रा ठोकला तर गोणपाट निघेल, पण ती आई लांबच्या रस्त्यानं जाईल. पुरुषांनी आखलेल्या कितीतरी वाटांवर हा हिशेब राहून जातो, आणि तो सातवीतल्या मुलीला तोंडपाठ असतो. मला त्याचं कौतुक वाटलं, आणि वाईटही वाटलं.

शेवटी मुलांनी पत्र लिहिलं. त्यात भिंतही मागितली नाही आणि ट्रॅक बंद करायलाही सांगितलं नाही. घरांसमोरचे तीन बाक तळ्याकडे फिरवावेत. उतारावर कमरेएवढी मेंदी लावावी, म्हणजे खालचं परस झाकेल आणि वरचा माणूस दिसत राहील. दिव्याला घराच्या बाजूनं झाकण बसवावं. मसुद्यात एकानं 'आमच्या वर्गमैत्रिणीच्या घराला त्रास होतो' असं लिहिलं होतं, ते मी काही बोलायच्या आधी दुसऱ्यानंच खोडलं.

पालकांसाठी एक सांगते. हा पाठ झाल्यावर चार घरांतून मला फोन आले, आणि त्यातले दोन ट्रॅकविषयी नव्हतेच. मुलं घरी जाऊन म्हणाली होती की, माझ्या खोलीत येताना दार वाजवा. एका वडिलांनी विचारलं, हे असलं काय शिकवता? मी म्हटलं, मूलभूत हक्क, पान काढून बघा.

मूल्यमापनाला मी एकच प्रश्न दिला. 'तुमच्या घराजवळची एक वाट घ्या. तिथे कोण चालतं, कोण थांबतं आणि कुणाला काय दिसतं ते लिहा. घर कुणाचं आहे ते लिहू नका.' उत्तरं दीड पानाच्या वर गेली, जे आमच्याकडे सहसा होत नाही.

पत्राचं म्हणाल तर मेंदी पावसाळ्यात लावू असं उत्तर आलं. दिव्याच्या झाकणाचं टेंडर निघेल तेव्हा निघेल. बाक मात्र फिरवले. दोन माणसं आली, सिमेंट फोडलं, एका दिवसात तीन बाक तळ्याकडे तोंड करून बसवून गेली. गोणपाट निघालं का, हे मी त्या मुलीला विचारलेलं नाही.

पेन्शनवाले आजोबा माझ्यावर थोडे नाराज आहेत. तळं पश्चिमेला, त्यामुळे संध्याकाळचं ऊन आता सरळ त्यांच्या डोळ्यांवर येतं. त्यांनी बाकापाशी एक कडुनिंब लावायची मागणी केली आहे, आणि त्या अर्जाचा मसुदा आमच्या सातवीकडून करून हवा आहे.